गुग्गुळाची कीर्ती आणि गुग्गुळाचे झाड

कच्छच्या खडकाळ टेकड्या, जैसलमेर-बाडमेरचा वाळवंटी टापू, अजमेरच्या आसपासचे अरवलीचे उघडे उतार आणि सीमेपलीकडचे सिंध-बलुचिस्तान, एवढ्या कोरड्या पट्ट्यात गुग्गुळाचे झुडूप आपसूक वाढते. उंची साधारण दोन-तीन मीटर, वाकड्यातिकड्या फांद्यांच्या टोकांना काटे, खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल, आणि वर्षातले बरेच महिने अंगावर पान नाही. अनोळखी माणूस त्याला वाळके सरपण समजून पुढे जाईल. कोरड्या ऋतूत त्याच्या सालीला खाच पाडली की आतल्या सूक्ष्म नलिकांतून पिवळसर चीक पाझरू लागतो. हवा लागली की तो घट्ट होतो, थेंबावर थेंब साचून त्याचे खडे बनतात, रंग तपकिरी-तांबूस होतो आणि काही दिवसांनी ते खडे खरवडून काढतात. आपल्या घरांत निखाऱ्यावर टाकला जाणारा आणि वैद्यांच्या योगराज, त्रिफळा, कैशोर या गुग्गुळकल्पांत मुरलेला पदार्थ तो हाच. गेल्या साठ वर्षांत या राळेच्या घटकांचा शोध वाराणसी, पुणे, लखनौपासून ह्यूस्टन, फिलाडेल्फियापर्यंत घेतला गेला. त्या शोधाची हकीकत सांगताना माझे म्हणणे एवढेच आहे की, रसायनशास्त्राने आपले काम चोख केले. पण माणसाला खरोखर गुण येतो का आणि एवढी राळ येणार कुठून, या दोन प्रश्नांची उत्तरे हाती येण्याआधीच बाजार धावत सुटला. आज गुग्गुळाच्या जंतुनाशक गुणांबद्दल जे उत्साहाने लिहिले जाते, ते वाचताना ही हकीकत समोर असलेली बरी.

आधी झाड ही राळ करते कशासाठी, ते पाहू. ओलाव्याच्या प्रदेशातल्या झाडाची फांदी मोडली तर ते नवी फुटवू शकते. वाळवंटात प्रत्येक जखम म्हणजे पाण्याची गळती, आणि बुरशीला, जंतूंना, किड्यांना उघडे पडलेले दार. गुग्गुळाच्या राळेत या दोन्हींवर तोड आहे. पाण्यात विरघळणारा डिंकाचा भाग जखम बुजवतो. त्यात मिसळलेली राळ आणि उडून जाणारे तेल जंतूंना आणि कीटकांना आवर घालते. आणंदजवळच्या बोरीआवी येथील औषधी वनस्पती संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुग्गुळाच्या पाझराचा संबंध झँथोमोनस या जातीच्या एका जंतूशीही जोडून दाखवला. नुसत्या चाकूच्या घावापेक्षा जंतूने बाधलेल्या घावातून चीक अधिक वाहतो. म्हणजे राळेचा जंतूंशी असलेला संबंध माणसाने कल्पिलेला नाही. झाडाच्या स्वसंरक्षणातच तो आहे. पण झाडाने स्वतःच्या सालीवर, स्वतःला हव्या त्या प्रमाणात केलेला उपाय माणसाच्या रक्तात, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात तसाच चालेल, असे यातून सिद्ध होत नाही.

आपल्या परंपरेत गुग्गुळाचे दोन धागे फार जुने आहेत. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात एक सूक्तच गुग्गुळाचे आहे. ज्याच्यापर्यंत त्याचा गंध पोहोचतो, त्याच्याजवळ यक्ष्मासारखे रोग फिरकत नाहीत, असा त्याचा आशय. आणि हा गुग्गुळ सिंधूकडचा किंवा समुद्रामार्गे आलेला, असा त्याच्या ठिकाणाचा उल्लेखही त्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत सिंधूच्या मुखाजवळच्या बार्बरिकम बंदरातून आणि आपल्या भडोचमधून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत ही राळ येते. तेव्हा वाळवंटातून खरवडलेला हा खडा दोन हजार वर्षांपूर्वीही जगाच्या बाजारात होता. दुसरा धागा वैद्यकाचा. सुश्रुतसंहितेत मेदाच्या अतिवृद्धीचे, त्यातून उद्भवणाऱ्या उपद्रवांचे वर्णन आहे आणि त्यावरच्या द्रव्यांत गुग्गुळ आहे. विसाव्या शतकात प्रयोगशाळेत गेला तो हा दुसरा धागा. धुराचा आणि संसर्गाचा, अधिक जुना धागा कित्येक दशके बाजूला पडून राहिला. यामागे त्या काळाची निकड होती.

१९५० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत हृदयविकार हे मृत्यूचे मोठे कारण म्हणून पुढे आले आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध जोडला गेला. ते कमी करणारी औषधे थोडी होती आणि जी होती त्यांवरही शंका होत्या. क्लोफायब्रेट हे त्यातले गाजलेले. पण १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके कमी, पण एकूण मृत्यू अधिक, असे चित्र दिसले. नव्या, निर्धोक औषधाची ही भूक गुग्गुळाच्या पुढच्या प्रवासाला कारण ठरली. आपल्याकडे नव्याने उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थांना देशी औषधींतून जगाला मान्य होईल असे काही देण्याची ओढ होती, हे दुसरे कारण. या दोन प्रवाहांच्या संगमावर, १९७८ च्या बऱ्याच आधी, बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधक उभ्या होत्या. सुश्रुताने सांगितलेला मेदोरोग आणि आधुनिक वैद्यकातला रक्तवाहिन्यांचा काठिण्यविकार यांत साम्य आहे का, हा त्यांचा प्रश्न. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य देऊन त्यांच्या रक्तातली चरबी वाढवायची आणि काहींना सोबत गुग्गुळ द्यायचा, असा त्यांचा प्रयोग होता. गुग्गुळ मिळालेल्या सशांत कोलेस्टेरॉल कमी वाढले, रक्तवाहिन्यांवरचा थरही कमी होता. १९६६ मध्ये हा प्रबंध पूर्ण झाला आणि १९६९ मध्ये त्यावरचा लेख ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आला. प्राचीन ग्रंथातले निरीक्षण नुसते गौरवायचे नाही, त्यातून तपासता येईल असे विधान काढायचे आणि ते तपासायचे, ही सत्यवतींनी घालून दिलेली वाट आजही अनुकरणीय आहे. पुढे १९९४ ते १९९७ या काळात त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

सशांवरचा निकाल हाती आल्यावर पुढचा प्रश्न रसायनशास्त्राचा होता: राळेतला नेमका कोणता घटक हे करतो? याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुखदेव यांच्या मार्गदर्शनाखाली आयुर्वेदातल्या कच्च्या औषधींच्या रसायनावर एक दीर्घ लेखमाला सुरू झाली आणि तिच्यात पहिला मान गुग्गुळाला मिळाला. १९७२ मध्ये ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात पाटील, नायक आणि सुखदेव यांचा लेख आला. गुग्गुळासारखी राळ म्हणजे शेकडो पदार्थांची चिकट गुंतवळ. ती आधी पाण्यात आणि मग निरनिराळ्या द्रावकांत धुवायची, विरघळलेला आणि न विरघळलेला भाग वेगळा करायचा, प्रत्येक भाग पुन्हा स्तंभांतून गाळत त्याचे उपभाग पाडायचे, आणि शेवटी हाती आलेल्या मिलिग्रॅमभर शुद्ध स्फटिकाची रचना वर्णपटांवरून ओळखायची, असे हे जिकिरीचे काम. डिंक वगळता इथिल ॲसिटेटमध्ये विरघळणाऱ्या भागात गुण आहे आणि त्यातही स्टेरॉइडांच्या गटात तो एकवटला आहे, असे दिसत गेले. गुग्गुलस्टेरोन ई आणि गुग्गुलस्टेरोन झेड ही या गटातली जोडी. दोन्हींत अणू तेवढेच आणि त्याच क्रमाने. फक्त रेणूच्या शेपटाशी असलेल्या दुहेरी बंधाजवळची मांडणी एकात एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. विशेष म्हणजे ही रचना रसायनशास्त्राला अगदीच अनोळखी नव्हती. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ती प्रयोगशाळेत बनवून ठेवली होती. निसर्गातही ती आहे, हे पुण्याच्या कामाने कळले. हा तपशील ध्यानात ठेवावा असा आहे, कारण गुग्गुलस्टेरोनसाठी झाड तोडावेच लागते असे नाही, ही शक्यता त्यात दडलेली होती.

पुण्याच्या आणि नंतर बडोद्याजवळ सुखदेव यांनी चालवलेल्या प्रयोगशाळेच्या कामातून राळेचे बाकीचे अंतरंगही उघडत गेले. तिच्यात मायर्सीनसारखी हलकी, सुगंधी तेले आहेत. पंधरा कार्बनांची सेस्क्विटर्पीने आहेत. सेंब्रीन-ए आणि मुकुलॉल यांसारखी वीस कार्बनांची मोठ्या कड्यांची संयुगे आहेत. सेसामिनसारखी लिग्नाने आहेत. लांब शेपटाचे गुग्गुलटेट्रॉल आहेत. यातले सेंब्रीन-ए त्याच सुमारास दुसरीकडेही सापडले. वाळवीच्या काही जाती वारुळातून निघताना मागच्यांना रस्ता कळावा म्हणून जी गंधरेषा ओढतात, तिच्यात हाच रेणू निघाला. वनस्पतींच्या रसायनांची आणि कीटकांच्या जगाची अशी सरमिसळ पाहिली की ‘औषधी द्रव्य’ हे आपले लेबल किती अपुरे आहे, ते उमगते. राळेतला प्रत्येक रेणू कुणाला तरी उद्देशून आहे. आपण मात्र त्यातला एकच, कोलेस्टेरॉलवर चालणारा, उचलला.

पुढची सूत्रे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे गेली. संस्थेने इथिल ॲसिटेटने काढलेल्या, गुग्गुलस्टेरोनचे प्रमाण ठरवलेल्या अर्काला ‘गुगुलिपिड’ नाव दिले, त्याची विषारीपणाबाबत तपासणी केली आणि माणसांवर चाचण्या घेतल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात औषधाला परवानगी मिळाली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते ‘गुग्लिप’ या नावाने बाजारात आणले. मुंबई, बेंगळुरू, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी या सात ठिकाणी झालेल्या चाचण्यांचा एकत्रित अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. या अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पहिल्या भागात डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही औषध कोणते ते ठाऊक होते. २०५ रुग्णांनी बारा आठवडे दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड घेतले. सत्तर-ऐंशी टक्के रुग्णांत गुण दिसला आणि कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. दुसऱ्या भागात कोण काय घेतो आहे हे दोघांनाही माहीत नव्हते आणि तुलना क्लोफायब्रेटशी होती. तिथे गुगुलिपिडने झालेली घट ११ टक्के निघाली, क्लोफायब्रेटने १०. झाकलेल्या चाचणीत परिणाम निम्म्याहून खाली आला. आहाराचे पथ्य, औषध मिळाल्याचा दिलासा, तपासणाऱ्याची आशा, हे सारे उघड्या चाचणीतल्या आकड्यात मिसळलेले असते. झाकलेल्या चाचणीत त्यातले बरेच गळून पडते. तरीही ११ टक्के म्हणजे काही कमी नव्हते. पण ती तुलना दुसऱ्या औषधाशी होती, निष्क्रिय गोळीशी नव्हती. त्यामुळे त्यातले गुग्गुळाचे किती आणि पथ्याचे किती, हे तेव्हाही उघडे राहिले. १९९४ मध्ये निष्क्रिय गोळीशी तुलना करणारा ६१ रुग्णांचा एक अभ्यास आला आणि त्यातही बारा टक्क्यांच्या जवळपास घट दिसली. अनुकूल निकालांची ही परिसीमा होती. जाहिरातींत झळकले ते मोठे आकडे.

योगायोग असा की याच सुमारास, १९८७ मध्ये, अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या पहिल्या स्टॅटिनला मान्यता मिळाली. पुढच्या काही वर्षांत स्टॅटिनांवर हजारो रुग्णांच्या, वर्षानुवर्षे चाललेल्या चाचण्या झाल्या. त्यांत कोलेस्टेरॉलचा आकडा तर उतरलाच, हृदयविकाराने येणारे मृत्यूही घटल्याचे दिसले. गुग्गुळावर तसा अभ्यास कुणी उभा केला नाही. खरे तर गुगुलिपिडची गोष्ट इथेच मंदावायची. पण १९९४ मध्ये अमेरिकेत आहारपूरकांसंबंधी नवा कायदा झाला. औषधासारखा गुण सिद्ध न करताही वनस्पतींचे अर्क गोळ्या-कॅप्सूलांत भरून विकण्याची मुभा त्याने दिली. गुग्गुळ तिथल्या दुकानांच्या फडताळांवर जाऊन बसला. मग २००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की गुग्गुलस्टेरोन यकृतातल्या एफएक्सआर या, पित्ताम्लांची दखल घेणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) अडवते. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता, त्यांच्यावर गुग्गुलस्टेरोनचा परिणाम झाला नाही. वाराणसीच्या सशांत दिसलेल्या गुणाला रेणूच्या पातळीवर कारण सापडले, असे वाटले, आणि तो आनंद रास्त होता. पण यंत्रणा सापडणे आणि गुण सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा पुढच्याच वर्षी आला.

ऑगस्ट २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात फिलाडेल्फियातील १०३ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही अनभिज्ञ, तुलना निष्क्रिय गोळीशी, मुदत आठ आठवडे, अर्कात २.५ टक्के गुग्गुलस्टेरोन. काहींना दिवसातून तीनदा १००० मिलिग्रॅम, काहींना २००० मिलिग्रॅम. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, पाच टक्क्यांनी उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे कमी मात्रेत चार आणि जास्त मात्रेत पाच टक्क्यांनी चढले. सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. या निकालावर आपल्याकडून घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. अमेरिकनांचा आहार वेगळा, त्यांना पथ्य नव्हते, आठ आठवडे थोडे, आणि वैद्य जो शोधित, म्हणजे शुद्ध केलेला, गुग्गुळ अनेक द्रव्यांच्या योगात, प्रकृती पाहून देतो, तो इथे तपासलाच गेला नाही. यातले शेवटचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्रिफळ्याच्या काढ्यात शोधलेल्या गुग्गुळाच्या गुणांविषयी ही चाचणी काही बोलत नाही. पण मग तोच न्याय अनुकूल निकालांनाही लावावा लागेल. लखनौचा अर्कसुद्धा शोधित गुग्गुळ नव्हता. तोही द्रावकाने काढलेला, प्रमाण ठरवलेला भाग होता. एका अर्काचे यश आयुर्वेदाच्या खात्यावर जमा करायचे आणि दुसऱ्या तशाच अर्काचे अपयश परक्यांच्या आहारावर ढकलायचे, हा हिशोब सरळ नाही. आहाराच्या आक्षेपातून तर उलटच अर्थ निघतो: पथ्याशिवाय गुग्गुळ चालत नसेल, तर आधीच्या आकड्यांत पथ्याचा वाटा किती होता, हे सांगायची जबाबदारी दावा करणाऱ्यांवर येते. नंतर नॉर्वेत झालेल्या एका छोट्या चाचणीत परिणाम दिसला, पण माफक. निवाडा एवढाच की कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ चालतो, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. आणि तो निरुपद्रवी आहे, असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच दाखवले होते की गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही रक्तदाबाची व हृदयाची औषधे रक्तात कमी पोहोचतात. ज्याला हृदयाचा विकार आहे, तोच बहुधा गुग्गुळाकडे वळतो. म्हणून ही बाब प्रत्येक डॉक्टरच्या आणि वैद्याच्या ध्यानात असायला हवी.

या साऱ्या काळात झाडाचे काय होत होते? औषधी गुणाची कीर्ती पसरली तशी मागणी वाढली आणि ती जवळजवळ सगळी जंगली झुडपांवर पडली. गुग्गुळाचे झाड राळ देण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. खाच हलक्या हाताने, मर्यादित पाडली तर ते सावरते. पण जास्त चीक यावा म्हणून खोल घाव घालायचे, त्यावर निरनिराळे उत्तेजक लेप चोळायचे, या रीतीने ते एक हंगाम भरभरून देते आणि मरते. दिल्ली विद्यापीठात प्रा. मोहन राम यांच्या गटाने १९८९ मध्ये इथेफॉन हे रसायन वापरून उत्पादन बावीस पट वाढवता येते, असे दाखवले. हेतू चांगला होता, थोड्या झाडांतून जास्त राळ मिळावी हा. पण जंगलात, जिथे झाड कुणाच्याच मालकीचे नाही, तिथे घाव घालणाऱ्याला उद्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही. आज आपण सोडले तर उद्या दुसरा नेईल. त्या गरीब माणसाला दोष देणे सोपे आहे. त्याच्या हाती राळेच्या अंतिम किमतीतला फार छोटा हिस्सा पडतो. त्याच गटाने १९९६ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली, ती अधिक काळजीची आहे. गुग्गुळात मादी झाडेच प्रामुख्याने आढळतात, नर अतिशय विरळ; आणि बिया बहुतांशी परागणाशिवायच धरतात. त्यामुळे रोपे आईच्याच प्रतिकृती होतात. विविधता मुळातच कमी, त्यात बी सावकाश रुजणारे, रोपे शेळ्यामेंढ्यांच्या तोंडी जाणारी. अशी जात एकदा विरळ झाली की परत भरून येणे कठीण. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गुग्गुळाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात केली. जंगलातून नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी आहे. अनेक वर्षे आपल्या औषध कारखान्यांना लागणाऱ्या गुग्गुळाचा मोठा भाग पाकिस्तानातून येत असे, म्हणजे आपल्या बाजूची उणीव आपण सिंध-बलुचिस्तानच्या झुडपांकडून भरून घेत होतो. भेसळही बोकाळली आहे. दुसऱ्या झाडांचे डिंक गुग्गुळ म्हणून खपतात. अजमेरजवळ मांगलियावास येथे केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने गुग्गुळाची शेती उभी केली, राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने कच्छमध्ये लागवडीला हात दिला. ही कामे मोलाची आहेत, पण मागणीच्या वेगापुढे ती उशिरा सुरू झाली.

या टप्प्यावर जुना पहिला धागा, संसर्गाचा, पुन्हा वर आला आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत आहेत, नवी प्रतिजैविके फार कमी निघत आहेत, त्यामुळे जगभरचे संशोधक राळांकडे वळले. २००४ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी गुग्गुळाचे तेल, क्लोरोफॉर्ममध्ये निघणारा अर्क आणि त्यातून वेगळी केलेली सात सेस्क्विटर्पीने ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह अशा दोन्ही गटांतल्या जंतूंची वाढ रोखतात, असे नोंदवले. २०१० च्या सुमारास गुजरातेत झालेल्या कामात ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवरचा परिणाम ठळक दिसला. त्याआधी फ्लोरेन्सच्या संशोधकांनी गुग्गुळाच्या चुलत भावंडात, म्हणजे अरबस्तान-सोमालियाच्या बोळात, स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूंना रोखणारी सेस्क्विटर्पीने वेगळी केली होती. तीन ठिकाणच्या निरीक्षणांत एक सुसंगती आहे. ही संयुगे तेलकट असल्याने जंतूच्या मेदयुक्त पटलात शिरतात आणि त्याची घडी विस्कटतात. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंभोवती बाहेरचे आणखी एक पटल असते, शिवाय नको ते बाहेर फेकणारे पंपही असतात; त्यामुळे ते सहसा चिवट ठरतात. लक्षात घ्यायचे ते हे की इथला नायक गुग्गुलस्टेरोन नाही. ज्या उडून जाणाऱ्या आणि हलक्या घटकांकडे कोलेस्टेरॉलच्या मागे लागलेल्या आपल्या बाजाराने पाठ फिरवली होती, ते आता पुढे आले आहेत.

या निष्कर्षांवर माझा अविश्वास नाही. झाडाची गरज पाहता ते अपेक्षितच आहेत. पण बशीतल्या जेलीवर अर्काभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसणे ही औषधाच्या वाटेवरची पहिली पायरी असते. पेनिसिलिनसारखी औषधे मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मापात काम करतात. वनस्पतींच्या कच्च्या अर्कांना पुष्कळदा मिलिग्रॅमचे माप लागते, आणि रक्तात तेवढे साठवायचे म्हटले तर आधी रुग्णाचे यकृतच थकेल. पेनिसिलिनच्या बाबतीत फ्लेमिंगची बशी १९२८ ची, ऑक्सफर्डचे उंदीर १९४० चे, पहिला रुग्ण १९४१ चा. मधे तेरा वर्षे गेली; शुद्धीकरण करावे लागले, मात्रा ठरवावी लागली आणि पुरेसा माल तयार करावा लागला. गुग्गुळाच्या बाजूने माणसांवरचा पुरावा म्हणून १९९४ चा एक अभ्यास पुढे केला जातो: गाठींच्या मुरुमांवर गुगुलिपिड आणि टेट्रासायक्लिन यांची तुलना, दोन्हींनी सारखाच गुण. रुग्ण होते २०. मुरुमांत जंतूंबरोबर तैलग्रंथी आणि दाहही असतो, तेव्हा त्यातून जंतुनाशक गुणाचा निष्कर्ष काढता येत नाही. धूपाचा मुद्दाही असाच. निखाऱ्यावरच्या धुरात काही जंतुरोधक घटक असतील, ते मान्य करावे. पण जळत्या राळेच्या धुरात सूक्ष्म कणही असतात, आणि दमेकऱ्याच्या खोलीत तो धूर औषध म्हणून करण्याइतका पुरावा नाही. श्रद्धेने धूप लावणाऱ्याला यात अडवण्यासारखे काही नाही. त्याला औषधोपचाराची जागा द्यायची नाही, एवढेच.

यावर कुणी विचारेल, मग संशोधनच थांबवायचे का? अजिबात नाही. उलट, ते आता नीट क्रमाने करता येईल अशी संधी आहे. जंतुनाशक सेस्क्विटर्पीनांची रचना माहीत आहे, तर ती प्रयोगशाळेत किंवा यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेता येण्याजोगी आहेत. एकेका रेणूची तपासणी जंगलातल्या एकाही झाडाला घाव न घालता होऊ शकते. गुग्गुलस्टेरोन तर १९६४ पासून काचेच्या भांड्यात बनत आले आहे. राळच हवी असेल, जशी ती वैद्यकाला हवीच आहे, तर लागवडीतून आलेली हवी. शेतकऱ्याला आठ वर्षे थांबायला बळ मिळेल असा हमीभाव हवा, आणि संग्राहकाला त्याच्या टेकडीवरच्या झुडपांवर काही हक्क हवा. आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांनी डबीवर गुग्गुळाचे प्रमाण जसे छापतात, तसा त्याचा उगमही छापावा: कुठल्या जिल्ह्यातला, लावलेला की जंगलचा. योगराज किंवा त्रिफळा गुग्गुळाची डबी विकत घेणाऱ्या वाचकांनी दुकानदाराला आणि आपल्या वैद्याला हा प्रश्न जरूर विचारावा, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर गुग्गुळ घेत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे.